नाव तोंडात बसवण्याचे पाच धडे

हिंजवडीत नवी सॉफ्टवेअर कंपनी काढणाऱ्या तरुण मित्रांनो, तुमचा माल चांगला आहे असं ऐकलं. असू दे, त्याने फारसं बिघडत नाही. अडचण आहे ती नावाची. ज्याला कॉम्प्युटर फक्त चालू-बंद करता येतो आणि मध्ये काही अडलं की जो भाच्याला फोन लावतो, अशा सामान्य माणसाच्या तोंडी तुमचं नाव बसवायचं कसं? या विद्येत मायक्रोसॉफ्टसारखा गुरू नाही. धडे क्रमाने गिरवा.

धडा पहिला : गाजावाजा करा. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग कंपनीच्या रंगांत उजळली, टोरांटोच्या सीएन टॉवरवरून अवाढव्य फलक सोडला गेला, जाहिरातीला रोलिंग स्टोन्सचं गाणं आणलं आणि लंडनच्या ‘टाइम्स’चा त्या दिवसाचा अंक कंपनीच्या खर्चाने फुकट वाटला गेला. दोनशे वर्षांची परंपरा असलेलं दैनिक एका सकाळपुरतं जाहिरातीचं पत्रक झालं. आणि एवढा थाट कशाचा? तर स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ नावाचं बटण आलं त्याचा. आपल्याकडे इतका सोहळा फक्त उड्डाणपुलाच्या उद्घाटनाला होतो, तोही पुलाचं एक टोक लोंबकळत असताना.

धडा दुसरा : चोरी होऊ द्या. १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात बिल गेट्स चीनबद्दल मोकळेपणाने बोलून गेले. त्याचा सारांश असा : तिथे लोक सॉफ्टवेअरचे पैसे देत नाहीत, पण चोरणारच असतील तर आमचं चोरावं. एकदा चटक लागली की पुढच्या दहा वर्षांत वसुलीचं बघून घेऊ. हे शहाणपण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या विक्रेत्याला कुणी शिकवायची गरज पडली नाही. पांढरी सीडी, तिच्यावर काळ्या मार्करने लिहिलेलं ‘विंडोज’ आणि पाकिटाच्या पाठीवर पेनाने उतरवलेली सिरियल की. हा विक्रेता कंपनीच्या पगारावर नव्हता, पण असा निष्ठावान प्रचारक तिला पगार देऊनही मिळाला नसता. ज्या घरात कंपनीचं अधिकृत खोकं कधी आलं नाही, तिथेही तिचं नाव रोज घेतलं जाऊ लागलं.

धडा तिसरा : अभ्यासक्रमात शिरा. २००१ नंतर महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आला. सरकारी नोकरीसाठी संगणक येत असल्याचा दाखला लागू लागला. दाखल्यासाठी उमेदवार शिकले काय? विंडोज, वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट. तालुक्याच्या गावी वर्गाची फी भरून लोकांनी एका कंपनीचा मेनू तोंडपाठ केला आणि संगणक साक्षर झाले. याहून स्वस्त जाहिरात कुठली? गिऱ्हाईकच पैसे भरतं, परीक्षा देतं आणि नापास झालं तर पुन्हा फी भरतं. केरळच्या शाळांनी मात्र हा धडा गाळून मुक्त सॉफ्टवेअर घेतलं. अशा राज्यांपासून जपून राहा.

धडा चौथा : छळा. सुखाने चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, छळणाऱ्याचं राहतं. ऑफिस ९७ मध्ये क्लिपी नावाची डोळे मिचकावणारी कागदाची पिन होती. पत्राचा मायना लिहायला घेतला की ही हजर : पत्र लिहिताय वाटतं, मदत करू? लोक इतके कावले की २००१ च्या ऑफिस एक्सपीची जाहिरात कंपनीने क्लिपीची नोकरी गेल्याच्या विनोदावरच केली. आधी छळ विकला, मग त्यातून सुटका विकली.

धडा पाचवा आणि शेवटचा : नकार ऐकू नका. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आलं, वर्षभर फुकट. फुकट असूनही काही माणसं घेईनात. मग स्क्रीनवर अपग्रेडच्या खिडक्या उगवू लागल्या. आता करता की रात्री करता? एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात टीव्हीवर थेट हवामान वार्ता चालू असताना ही खिडकी नकाशावर येऊन बसली. ढगांच्या मागून सूर्य नाही, अपग्रेड उगवलं. मे महिन्यात तर कमाल झाली. खिडकीत अपग्रेडची वेळ कंपनीनेच ठरवून दिलेली होती, आणि कोपऱ्यातली लाल फुली दाबली तरी ती वेळ कायम राहत होती. फुली म्हणजे बंद, हे याच कंपनीने जगाला वीस वर्षं शिकवलं होतं. आरडाओरडा झाल्यावर जूनअखेरीस नकाराचं स्पष्ट बटण आलं. तेव्हा फुकट योजना संपायला महिनाच उरला होता. आपण जरा जास्तच ताणलं, असं कंपनीच्या मार्केटिंग प्रमुखांनी वर्षाच्या शेवटी मान्यही केलं. पण तोवर नाव कुणाला ठाऊक व्हायचं राहिलं नव्हतं.

पाच धड्यांचं सार एकच. लोकांना तुम्ही आवडायला हवं असं नाही, त्यांना दुसरं नाव ठाऊक नसलं की पुरे. आणि हे सगळं ऐकूनही ‘नको’ हे बटण पहिल्याच दिवशी देणारी कंपनी तुमच्यापैकी कुणी काढलीच, तर आम्हाला जरूर कळवा. तिचं नाव आम्ही आपणहून लक्षात ठेवू.