पोटाखाली ताट बांधणाऱ्या महाशयांस



आपण मला विसरला असाल. पावसाळ्याआधीच्या एका शुक्रवारी, म्हापशाचा बाजार ऐन भरात असताना, मी आपल्याकडून मोटरसायकलची स्किड प्लेट घेतली. आपणच ती चार बोल्टांवर आवळून दिलीत आणि म्हणालात, "आता दगडधोंड्यांची काळजी सोडा." सोडली. तेव्हापासून काळजी फक्त ऑईलची आहे.

प्लेट मजबूत आहे, हे आधीच कबूल करतो. मी डिचोलीचा, नोकरी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत. अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ हा रोजचा रस्ता, आणि रविवारी खाणींच्या जुन्या वाटांवर भटकण्याची खोड. गोव्यातल्या खाणी 2012 साली थांबल्या, मग सुरू झाल्या, 2018 साली पुन्हा थांबल्या. वाटेवरचे धोंडे मात्र कुणाच्याच आदेशाने हलले नाहीत. इंजिनाचं पोट ॲल्युमिनियमचं. एक अणकुचीदार दगड बसला की तडा, ऑईल रस्त्यावर आणि इंजिन जाम. आपल्या प्लेटने असे धोंडे हसत झेलले. आपण तिला 'रॅली मॉडेल' म्हणाला होतात. असेलही. 2015 साली सी. एस. संतोष डाकार रॅली मोटरसायकलवरून पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. तसल्या शर्यतीत गाडीचं पोट झाकावंच लागतं. पण झाकलेलं पोट कधीतरी उघडावंही लागतं, एवढीच माझी अडाणी समजूत.

ऑईल सोडण्यासाठी आपण प्लेटला भोक ठेवलेलं आहे, तेव्हा आळ घेत नाही. फक्त ते ड्रेन बोल्टच्या दोन बोटं पुढे आहे. खालून वाकून पाहिलं तर त्यातून बोल्ट खंडग्रास ग्रहणातल्या चंद्रासारखा दिसतो. दर्शन होतं, पण बॉक्स पाना बसत नाही. आमच्या शेजारच्या पोराला टॉर्च धरायला बोलावलं, त्याने आडवं पडून पाच मिनिटं शोधलं आणि विचारलं, "बोल्ट खंय आसा?" त्याला काय सांगू? म्हापशाला विचार म्हणू?

मग रीतसर प्लेट काढायला घेतली. पावसाळाभर तांबडा चिखल खाल्लेले चार बोल्ट. पहिले दोन सुटले. तिसरा नुसताच गरगरला, कारण आतले आटे गेलेले. चौथ्याचं डोकं गोल झालं. बोल्ट बसवताना आट्यांना चिमूटभर ग्रीस लावलं असतंत तर आज हे पत्र अर्ध्या पानात संपलं असतं. पण ग्रीस महाग असावं.

शेवटी दोन बोल्टांवर लोंबणाऱ्या प्लेटच्या फटीतून रिंग पाना घालून ड्रेन बोल्ट सोडला. ऑईल पातळ व्हावं म्हणून इंजिन पाच मिनिटं चालवून घेतलं होतं, त्यामुळे ते गरम, आणि गरम ऑईलला ओढ भारी. डब्यात पावभाग पडलं. बाकीचं आपल्या ताटात वाढलं गेलं. कडा वर वळवून आपण त्या प्लेटचं अस्सल ताट केलं आहे, खरकटं सांडू नये इतकं नीट. आणि ताट भरल्यावर जे उतू गेलं ते शेणाने सारवलेल्या अंगणात. तुळशीचं लग्न चार दिवसांवर होतं. आईने काळा डाग पाहिला, मला पाहिलं आणि आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. वापरलेलं ऑईल 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, हे मी तिला सांगितलं नाही. कचऱ्याचा धनी कोण, हे तिने विचारलं असतं.

खरी गंमत पुढे. नवं ऑईल भरलं, बोल्टला नवा वायसर घातला, सगळं घट्ट केलं. तरी गाडी आठ दिवस गळत राहिली. तुयेला वॉचमनने माझ्या गाडीखाली पुठ्ठा टाकायला सुरुवात केली. कोलवाळच्या पुलावर मागचा टायर किंचित घसरला, तेव्हा पोटात गोळा आला. गॅरेजवाल्याने गळती पाहून निदान केलं, क्लच कव्हरचं गॅस्केट गेलं. कव्हर उघडलं, गॅस्केट बदललं, 1,400 रुपये घेतले. गाडी गळतच होती. तेव्हा कुठे त्याने छिन्नी मारून चौथा बोल्ट फोडला आणि प्लेट खाली घेतली. आत तांबडी माती आणि काळं ऑईल यांचं मिश्रण, नाचण्याच्या तिझणाएवढं दाट. इंजिन ठणठणीत होतं. गळत होतं ते आपलं ताट.

तेच चिखलाचं लिंपण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला चार महिने गोधडीसारखं गुंडाळलेलं होतं. गाडी तापते म्हणून मी पेट्रोलला दोष देत होतो. त्याचीही माफी मागायला हवी.

तरी मागणी मोठी नाही. पैसे परत नकोत. एकदा, फक्त एकदाच, आपण विकलेल्या प्लेटसकट आपल्या स्वतःच्या गाडीचं ऑईल स्वतः बदला. अंगणात. घरची माणसं बघत असताना.

कळावे, लोभ असावा.

आपला,
डिचोलीचा एक गिऱ्हाईक

ता. क. : इथल्या वेल्डिंगवाल्याकडे प्लेटला योग्य जागी भोक पाडून घेतलं. दहा मिनिटं लागली, 80 रुपये झाले. कापून निघालेली लोखंडी चकती सोबत पाठवत आहे. पुढची प्लेट कराल तेव्हा मापाला उपयोगी पडेल.