दहाची वेळ

१९५२ साली इंग्लंडमध्ये नॉर्मन बेली आणि वेल्च यांनी ओपीडीत ताटकळण्याचं गणित मांडलं. सुरुवातीला दोघांना बोलवा, मग सरासरी एका तपासणीला जितका वेळ लागतो तितक्या अंतराने एकेकाला. एखादा आला नाही तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत, बाकावर फारशी गर्दीही साचत नाही. अट एकच : डॉक्टरांनी वेळेवर यावं.

आपल्याकडे सूत्रात किरकोळ सुधारणा झाली. दोघांऐवजी चाळीस जणांना दहाची वेळ. साडेअकराला कळतं, डॉक्टर 'राउंडवरून निघालेत'. सरकारी रुग्णालयांत आता क्यूआर कोड स्कॅन केला की नोंदणीचं टोकन मोबाइलवर मिळतं. खिडकीवरची रांग सुटते ती थेट डॉक्टरांच्या दाराशी जाऊन लागते. खासगीत अॅपवर १०.२० अशी काटेकोर वेळ, जणू विमानच पकडायचंय! तेवढ्यात 'फक्त रिपोर्ट दाखवायचेत' म्हणत एक काकू आत शिरतात, त्यांच्या पाठोपाठ बॅग सावरत एमआर. काउंटरवर विचारा. "तुमच्या पुढे दोघंच." तासाभराने विचारा, तरी दोघंच. मधे पाच मिनिटं चहाला गेलात, तर मात्र नंबर गेला. पुन्हा नाव लिहा.