दोरी नसलेला पतंग

मार्चमधल्या एका सकाळी मी गॅलरीत आरसा टेकवून दाढी करत होतो. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. तेवढ्यात दूर कुणाकडे तरी मिक्सरवर चटणी वाटावी तशी घरघर ऐकू आली, आणि चपला न काढता उंबऱ्यात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा एक ड्रोन कठड्यापलीकडे अधांतरी उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. ओरडलो नाही, आत पळालो नाही. बनियनमधलं पोट तेवढं आत ओढून घेतलं. कुणासाठी, देव जाणे.

रविवारी सोसायटीची सभा भरली. ड्रोन बी विंगमधल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा. वजन अडीचशे ग्रॅमच्या आत, म्हणजे पाव किलो श्रीखंडाहूनही हलका. एवढ्याशा यंत्राला नियमांत 'नॅनो' म्हणतात आणि ते उडवायला परवाना लागत नाही. आमच्यातल्या निवृत्त वकिलांनी २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल काढला: नऊ न्यायमूर्ती, एकमत, खासगीपण हा मूलभूत हक्क. मुलाच्या वडिलांनी मोबाइलवर २५ ऑगस्ट २०२१ ची ड्रोन नियमावली काढली. दोहोंत अंतर चार वर्षं आणि एक दिवस. त्या वरच्या एका दिवसात आमची सभा दोन तास अडकून पडली. सर्वांत चिडल्या होत्या त्या वरच्या मजल्यावरच्या काकू. "मी गच्चीवर गाऊनवर वाळवणं घालते, ते काय साऱ्या गावाने बघायचं?" काकूंचं चूक नव्हतं. फक्त कुणाकडे दूध किती येतं, कुणाची सून कधी माहेरी गेली, हे सगळं ज्या गच्चीवरून काकूंना दिसतं, ती हीच गच्ची.

मी मूळचा येवल्याचा. संक्रांतीला आमच्याकडे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव धाब्यावर असायचं. हातात मांजाची आसारी, कानांत हलकडीचा ताल, आणि पतंग कटला की 'वकाट!' त्या तीन दिवसांत येवल्यात खासगी काही उरत नसे. कोण कुणाला तिळगूळ देताना जरा जास्त वेळ थांबलं, कुणाच्या दोरीवर कसलं धुणं आहे, सारं उघडं. तरी कुणी मोठी तक्रार केल्याचं आठवत नाही. केली तर एखादी आजी पदर खोचून ओरडायची, "काय बघतोस रे मेल्या?" आणि पोरगं लाजून मान फिरवायचं. पतंग कितीही वर गेला तरी मांजाच्या मागे मागे नजर नेली की शेवटी एक आसारी सापडे, आसारी धरणारे हात सापडत, आणि त्या हातांच्या बापाचं नावही सगळ्यांना ठाऊक असे.

त्या सकाळी माझी पंचाईत झाली ती इथेच. ड्रोनला दोरी नाही. 'काय बघतोस रे?' हे विचारायचं कुणाला? चार पात्यांना? २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांवरून रात्री ड्रोन फिरू लागले, तेव्हा लोक काठ्या घेऊन राखणीला बसले होते. शहरात बसून मी तेव्हा त्या बातम्यांना हसलो होतो. आता वाटतं, ती काठी वरच्या दिव्यावर नव्हतीच उगारलेली. अंधारात दुसऱ्या टोकाला बसलेलं कुणीतरी, ज्याचं तोंड दिसत नाही, त्याच्यासाठी होती.

आमच्या भांडणाचा निकाल शेवटी एका घारीने लावला. समोरच्या निलगिरीवर तिचं घरटं होतं. ठराव, नोटीस असल्या भानगडीत न पडता तिने एका दुपारी थेट झडप घातली आणि ड्रोन काकूंच्या ओल्या कुरडयांत येऊन पडला. पाचच मिनिटांत घंटी वाजली. जिना चढून धापा टाकणारा मुलगा दारात उभा, कपाळावर घाम, हातात रिमोट. "काकू, माझा ड्रोन पडलाय का तुमच्याकडे?"

येवल्यात कटलेला पतंग धरेल त्याचा असे. काकू काही येवल्याच्या नाहीत. त्यांनी आधी मुलाची यथास्थित खरडपट्टी काढली, मग आईचं माहेर विचारलं, मग पातेल्यात उरलेला गव्हाचा चीक वर तूप सोडून त्याच्यापुढे ठेवला. मी शेजारधर्म म्हणून हजर होतो. मलाही वाटी मिळाली. मुलाने मान खाली घालून चीक संपवला आणि कुरडयांत बरबटलेलं यंत्र टॉवेलात गुंडाळून, दुखणाईत पोर न्यावं तसं, जिना उतरून नेलं.

त्याचं एक पातं अजून सापडलेलं नाही. कुरडया तळायला काढीन तेव्हा डब्यात बघते, असं काकूंनी त्याला सांगून ठेवलंय.