आक्षेप आणि अनुपालन: पॉइंटांवरची लंडनवारी

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,


परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "फुकट तिकीट म्हणजे काय ते आधी लेखी कळव, मग बघू." पंचायत समितीच्या लेखा शाखेत उभी नोकरी काढलेला माणूस याहून वेगळं काय म्हणणार? तुमचे जावई म्हणाले, "त्यांना एक व्हिडिओ पाठवून देऊ का?" मी म्हटलं, महाडला व्हिडिओ चालत नाही, कागद लागतो. तेव्हा तुमचे आक्षेप क्रमाने घेते आणि खाली अनुपालन देते. समाधान झालं तर परिच्छेद वगळावेत ही नम्र विनंती.

प्रस्ताव थोडक्यात असा. येत्या एप्रिलात तुम्ही दोघं मुंबईहून, आम्ही चौघं नेवार्कहून निघायचं आणि लंडनला भेटायचं. पाच रात्री राहायचं. विमान आणि हॉटेल पॉइंटांवर, बाकीचं खिशातून. अमेरिकेच्या विजाच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत तुमच्या नातीच्या, इराच्या लग्नाची वेळ येईल, म्हणून मधलं ठिकाण काढलं.

आक्षेप पहिला: फुकट कोणी देत नाही. यात बँकेला काय मिळतं?

बरोबर विचारलंत. इथे क्रेडिट कार्ड घासलं की दुकानदाराला शंभर डॉलरमागे दोन-तीन डॉलर कार्डवाल्यांना द्यावे लागतात. त्यातलेच थोडे बँक आपल्याला पॉइंट म्हणून परत देते. तुम्ही बाजारपेठेत यूपीआयने सुकट घेता तेव्हा पैसे खात्यातून खात्यात जातात, दुकानदाराला 2020 पासून त्यावर शुल्क नाही. म्हणून तुम्हाला पॉइंटही नाहीत. शिवाय जे लोक महिन्याचं बिल पूर्ण भरत नाहीत त्यांच्याकडून बँक वर्षाला शेकडा वीसच्या वर व्याज घेते. म्हणजे आपल्या लंडनच्या खर्चातला काही वाटा कुणातरी अडलेल्या माणसाने भरलेला असतो. हे वाचून तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवाल, ठाऊक आहे. आम्ही एवढंच करतो, की बिल दरमहा शेवटच्या पैशापर्यंत भरतो आणि पॉइंटांसाठी जास्तीचं काही विकत घेत नाही. एक महिना जरी बाकी ठेवली तरी व्याज पॉइंटांची किंमत खाऊन वर ढेकर देतं.

ही प्रथा काही आजची नाही. अमेरिकन एअरलाइन्सने मे 1981 मध्ये आपली मैलांची, म्हणजे पॉइंटांचीच, योजना काढली, मग बाकीच्या कंपन्या धावल्या. पुढे बँका त्यात शिरल्या आणि विमानात न बसताही मैल मिळू लागले. कांदे-बटाट्यावर मैल मिळतात असं आजीला सांगितलं असतं तर तिने दृष्ट काढली असती.

खरा मोठा घास नव्या कार्डाच्या बोनसचा असतो. तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला की एकदम पॉइंट पडतात. म्हणून घराचा विमा किंवा मुलांच्या दातांच्या तारा असा मोठा खर्च दिसला की तुमचे जावई आधी नवं कार्ड शोधतात. त्यांच्या खणात कार्डांची चळत आहे आणि प्रत्येकावर माझ्या हातची चिठ्ठी: 'फक्त किराणा', 'फक्त पेट्रोल', 'बाहेरचं जेवण', 'हात लावू नये'. पटेल ब्रदर्समध्ये पैसे द्यायची वेळ आली की हे मला अडवतात, "ते नको, निळं काढ." मागे रांगेत कोथिंबिरीच्या जुड्या धरून बायका उभ्या, पुढे आमची निवड समितीची बैठक. या छंदालाही लगाम आहे बरं. चेस बँकेचा एक न छापलेला पण सर्वांना पाठ असलेला नियम असा, की 24 महिन्यांत कुठलीही 5 कार्डं झाली की पुढचं मिळत नाही. हा नियम ज्याने केला त्याची बायको माझ्यासारखीच असणार.

आक्षेप दुसरा: पॉइंट साठवून ठेवले तर व्याज मिळतं का?

नाही, उलट किंमत घटते. हा अखर्चित निधी आहे, बाबा. 31 मार्च जवळ आला की तुमच्या हापिसात काय धांदल उडायची, तशीच आमची बाराही महिने चालते. कंपनी एका सकाळी दर वाढवते आणि काल लंडनला पुरणारे पॉइंट आज बोस्टनपर्यंत पोचतात. म्हणून जमवायचे आणि खर्चून मोकळं व्हायचं.

आक्षेप तिसरा: कार्ड तुमचं, मग तिकीट आमच्या नावाचं कसं?

पॉइंट आमचे असले तरी तिकीट कोणाच्याही नावाचं काढता येतं. आता नीट वाचा. आमच्या बँकेचे पॉइंट एअर कॅनडाच्या खात्यात वळवता येतात. एअर कॅनडा आणि एअर इंडिया एकाच गटात आहेत. स्टार अलायन्स त्याचं नाव, एअर इंडिया 2014 साली त्यात गेली. त्यामुळे न्यू जर्सीत घेतलेल्या तूरडाळीचे पॉइंट कॅनडाच्या कंपनीत जाऊन मुंबईहून लंडनला उडणाऱ्या भारतीय विमानाचं तिकीट होऊन बाहेर पडतात. एवढे हेड बदलून रक्कम योग्य जागी पोचलेली तुमच्या कारकिर्दीत तरी तुम्ही पाहिली नसेल.

मात्र एकदा वळवलेले पॉइंट परत बँकेत येत नाहीत. म्हणून आधी सीट आहे याची खात्री करायची आणि मगच वळवायचे. आई विचारत होती, फुकटच्या तिकिटावर जेवण देतात का. देतात, तेच ताट. सामानही तेवढंच नेता येतं. कुणी तुझ्याकडे वळून बघणार नाही.

आक्षेप चौथा: मग पैसे कशाला लागतात?

करांना. आम्ही युनायटेड एअरलाइन्सच्या मैलांवर नेवार्कहून निघू तेव्हा जाताना माणशी 5 डॉलर 60 सेंट. ऐकून जीव हरखतो. परतीला मात्र इंग्लंडचं सरकार उंबऱ्यात उभं असतं. त्यांच्या विमानतळावरून उडणाऱ्यावर ते कर लावतात. आपल्या अंतराला, अगदी साध्या वर्गालाही, माणशी शंभर पौंडांच्या आसपास. 16 वर्षांखालच्या मुलांना साध्या वर्गात माफ आहे, म्हणजे इरा-अर्णव सुटले. काही कंपन्या याशिवाय आपला अधिभारही जोडतात. मग पॉइंट देऊनही तिकिटाएवढे पैसे जातात, त्या कंपन्या आपण टाळल्या.

जावयांनी यावर तोड काढली होती. लंडनहून आगगाडीने पॅरिसला जायचं आणि तिथून विमान धरायचं. कर वाचेल, पण तुम्हा दोघांना फ्रान्सचा विजा वेगळा काढावा लागेल आणि आईचे गुडघे दोन राजधान्यांत विभागले जातील. तो प्रस्ताव मी फेटाळला.

आक्षेप पाचवा: लंडन महाग आहे.

झोपायला महाग, बघायला नाही. मॅरियटमध्ये पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या तर चारांचेच पॉइंट लागतात, म्हणून मुक्काम पाचाचा ठरवला. खोल्या दोन घ्याव्या लागतील, कारण तिकडे एका खोलीत सहा माणसं म्हटल्यावर पोलीस येतील. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम यांना प्रवेश फुकट आहे. बसचं भाडं एकदा दिलं की तासाभरात हव्या तितक्या बस बदला, दुसऱ्यांदा पैसे नाहीत. 11 वर्षांखालची पोरं मोठ्यांबरोबर फुकट.

आणि एक ठिकाण खास तुमच्यासाठी. चॉक फार्म स्टेशनजवळ 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा अभ्यास आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी एकाच वेळी चालू होती. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध याच काळातला, 1923 साली पुस्तकरूपाने आला. ते घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतलं. तुम्ही रोज सकाळी चवदार तळ्याला फेरी मारता. 20 मार्च 1927 ला तिथलं पाणी ओंजळीत घेणारा माणूस पाच वर्षांपूर्वी कुठल्या जिन्याने चढत होता ते बघायला नको का? लेखा शाखेच्या माणसाने तर रुपयाच्या प्रश्नासाठी तरी जायला हवं. एखादी संध्याकाळ डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळासाठी ठेवू. ते 1932 चं आहे. तिथे कुणीतरी बिरवाडीचा निघणारच.

आक्षेप सहावा, पोलादपूरच्या मामाकडून: लंडनला वाघनखं बघाल, मग फोटो पाठवा.

मामाला सांगा, ती वाघनखं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्राला दिली आणि जुलै 2024 मध्ये ती साताऱ्यात दाखल झाली. अफजलखानाच्या वेळची ती हीच असं त्या म्युझियमनेही छातीठोक सांगितलेलं नाही. पण आंबेनळी घाट चढून प्रतापगडाच्या पायथ्यावरून महिन्यातून दोनदा जाणाऱ्या आणि उमरठला तानाजीच्या समाधीशी नातं सांगणाऱ्या मामाला हा तपशील ऐकवायची जबाबदारी तुमची. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढून निम्मा महाराष्ट्र पालथा घालणारा हा माणूस आमच्या पॉइंटांना हसतो. त्याचं गणित आमच्याहून सोपं आहे, हे खरं.

आता खरी अडचण. पॉइंटांच्या सीटा कंपनी थोड्याच सोडते आणि त्या तिला सोयीच्या तारखांना असतात. इकडे आपली पंचांगं बघा. जून-जुलैत लावणी, म्हणजे बाबा शेताबाहेर नाहीत. पुढे गणपती, तेव्हा देवाला टाकून कोण येणार? मग कापणी आणि झोडणी. महाशिवरात्रीला वीरेश्वराचा छबिना, पाठोपाठ शिमगा आणि पालखी. मे महिन्यात सगळी मुंबई महाडात उतरते आणि आईच्या हाताला फणस, काजू, पापड यांतून सवड नाही. मध्यरात्री जावयांना जानेवारीतल्या दोन सीटा सापडल्या, तर आई म्हणाली, "तेव्हा शेजारच्या सुमीचं बाळंतपण आहे." सुमीला अजून दिवससुद्धा गेलेले नव्हते. युनायटेडचं कॅलेंडर आणि आईचं कॅलेंडर यांच्या मधली फट म्हणजे शिमग्यानंतरचा एप्रिल. मुलांच्या शाळेला सुट्टीही त्याच सुमारास असते. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

महाड ते मुंबई या टप्प्याला मात्र कुठलेच पॉइंट चालत नाहीत. पण ज्येष्ठ नागरिक म्हणून बाबांना एसटीत अर्धं तिकीट आणि बाई म्हणून आईलाही अर्धं. दोघांचं मिळून एक. इतकी स्वच्छ योजना जगातल्या कुठल्याच विमान कंपनीकडे नाही. फक्त मुंबई-गोवा महामार्गाच्या भरवशावर त्याच दिवशी निघू नका, आदल्या दिवशी दादरला काकांकडे मुक्कामाला या.

आई, इंग्लंडात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खरवस घरीच ठेव. तांदळाचं पीठ आण. बोंबील आणू नकोस. कायद्याचं राहू दे, खोलीत भाजलेस तर धुराचा भोंगा वाजेल आणि पाच रात्रींपैकी एक आपण सगळे फुटपाथवर काढू.

बाबा, आता तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे स्वच्छ फोटो पाठवा. तिकिटावर नाव तिथल्यासारखंच लागतं, तेव्हा आईच्या नावात कुठे 'बाई' आहे आणि कुठे नाही ते तपासा. विजाच्या अर्जासाठी तुमच्या पेन्शनच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा बँकेतून शिक्क्यानिशी घ्या. आणि एप्रिलातला कुठला आठवडा चालेल ते आठ दिवसांत कळवा. "विचार करून सांगतो" हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही, कारण सीट विचार संपेपर्यंत थांबत नाही.

मुलांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
शुभदा