हंगाम चुकला

अमेरिकेत ऑगस्ट हा भाकितांचा महिना. एनएफएलचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉलचा, हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. ऑगस्टमध्ये गुणतक्ता कोरा असतो, सगळे संघ शून्यावर असतात आणि त्यामुळे ज्याला तोंड आहे तो प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. न्यू जर्सीत राहायला आल्यापासून मीही दर ऑगस्टला तज्ज्ञ होतो. जानेवारीपर्यंत ते उतरतं.

भाकीत करायचं ते आठ डिव्हिजनच्या विजेत्यांचं. एकूण संघ ३२. एएफसी आणि एनएफसी अशा त्यांच्या दोन शाखा. प्रत्येक शाखेत पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा चार डिव्हिजन आणि प्रत्येकीत चार संघ. चारांतला एक ओळखायचा, असं आठदा करायचं. ज्याने अपेक्षित प्रश्नसंचाच्या जिवावर दहावीला भूगोल सोडवला, त्याला यात अवघड ते काय?

भूगोल मात्र इथे कामाला येत नाही. डॅलस टेक्सासात असूनही 'पूर्वे'त आहे. इंडियानापोलिस थंडीत गारठतं, पण ते 'दक्षिणे'त. मायामी फ्लोरिडाच्या टोकाला उन्हात पडलेलं, तरी बर्फातल्या बफेलोबरोबर 'पूर्वे'त. २००२ मध्ये ह्यूस्टनचा बत्तिसावा संघ आला आणि सगळी मांडणी नव्याने केली गेली, तेव्हाही जुनी वैरं शक्यतो मोडली नाहीत. नकाशा वाकडा राहिला तर राहू दे म्हणाले. बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या भावकीत मी वाढलेला असल्याने हे तत्त्व मला अमेरिकन सहकाऱ्यांपेक्षा लवकर कळलं. डिव्हिजनमधले संघ दर वर्षी एकमेकांशी दोनदा खेळतात. बाकीच्यांशी स्पर्धा, यांच्याशी हाडवैर.

त्यात या लीगची सारी रचना भाकीत करणाऱ्याचं नाक कापायला केलेली आहे. जो संघ सगळ्यांत वाईट खेळला त्याला पुढच्या वर्षी कॉलेजातल्या नव्या खेळाडूंमधून पहिली निवड मिळते; याला ड्राफ्ट म्हणतात. पगारावर सगळ्यांना सारखीच मर्यादा. २०२३ मध्ये ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती, त्यामुळे श्रीमंत मालकाला सगळे हिरे आपल्याच पेटीत ठेवता येत नाहीत. आणि १७ सामन्यांपैकी तीन सामने गेल्या वर्षीच्या क्रमांकावरून ठरतात: पहिल्या आलेल्याची गाठ पहिल्या आलेल्यांशी, शेवटच्याची शेवटच्यांशी. म्हणजे हुशार मुलाला अवघड पेपर आणि नापासाला सोपा. अशा ठिकाणी शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी एक्सेल उघडलं.

आमच्या ऑफिसात दर वर्षी आठ नावांची पैज लागते. बक्षीस म्हणजे एक प्लॅस्टिकचं हेल्मेट. ते वर्षभर विजेत्याच्या टेबलावर राहतं आणि त्यात बहुधा चॉकलेटं ठेवतात. पैशांचा संबंध नाही. मानाचा आहे, म्हणून तर तळमळ. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. श्रावण दुप्पट झाल्याने घरात पार्ट्या नव्हत्या आणि अभ्यासाला वेळच वेळ होता. खेळाडूंची वयं, प्रशिक्षकांचे स्वभाव, कोणाला किती मैल विमानप्रवास, कोणाला विश्रांतीचा आठवडा कधी, असे रकाने मी भरत गेलो. बायको म्हणाली, "टॅक्सचे कागद असे एकदा तरी भर."

यादी तयार झाली. एएफसी पूर्वेत जेट्स. यामागे अभ्यास होता आणि थोडं शेजारधर्माचं नातं होतं. न्यूयॉर्क जेट्स आणि न्यूयॉर्क जायंट्स हे दोन्ही संघ खेळतात न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला. नावात न्यूयॉर्क, पत्ता जर्सीचा. आम्हीही गावाकडे विचारलं तर न्यूयॉर्कला असतो म्हणूनच सांगतो. शिवाय जेट्स हा भाकितवाल्यांचा कुलस्वामी संघ. जानेवारी १९६९ मध्ये, तिसऱ्या सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, तीन दिवस आधी, त्यांच्या जो नेमथने जिंकण्याची जाहीर हमी दिली होती. समोरचे बाल्टिमोर कोल्ट्स सट्टेबाजांच्या हिशेबात १८ गुणांनी भारी होते. जेट्स १६-७ जिंकले. त्यानंतर ते सुपर बोलपर्यंत पोहोचलेले नाहीत आणि २००२ नंतर डिव्हिजनही जिंकलेले नाहीत, पण आता ग्रीन बेहून अ‍ॅरन रॉजर्स आला होता. चार वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा. वय ३९. वयाच्या रकान्यात मी 'अनुभव' असं लिहिलं.

एएफसी पश्चिमेत कॅन्सस सिटी चीफ्स सलग सात वर्षं जिंकत आलेले. तेच नाव लिहायचं असेल तर तज्ज्ञ हवा कशाला? मी चार्जर्स लिहिलं. एनएफसी दक्षिणेत टॅम्पा बेचा टॉम ब्रॅडी निवृत्त झालेला, म्हणजे टॅम्पा संपला. तिथे न्यू ऑर्लिन्सचे सेंट्स. बेंगल्स, जॅग्वार्स आणि ईगल्स हे गेल्या वर्षीचे विजेते मी कायम केले. ईगल्सच्या डिव्हिजनमध्ये २००४ नंतर एकही संघ सलग दोनदा जिंकलेला नव्हता हे मला ठाऊक होतं. पण अंधश्रद्धेला थारा द्यायचा नाही हे संस्कार आमच्यावर शाळेतच झालेले.

उरली दोन, दोन्ही एनएफसीतली. उत्तरेत मी डेट्रॉइट लायन्स लिहिलं. डेट्रॉइटने १९९३ नंतर डिव्हिजन जिंकलेली नव्हती, पण आमचा वरिष्ठ मूळचा डेट्रॉइटचा आणि पगारवाढीची चर्चा तोंडावर आलेली. पश्चिमेत फोर्टीनायनर्स लिहिलं, कारण सनीव्हेलचा माझा मावसभाऊ त्यांच्या स्टेडियमजवळ राहतो आणि त्याचा फोन फार लांबतो. ही दोन नावं अभ्यासाच्या बाहेरची होती. त्यांची मला थोडी लाजच वाटत होती.

११ सप्टेंबर २०२३, सोमवारची रात्र. जेट्सचा पहिला सामना, समोर बफेलो बिल्स. आमच्या मराठी मंडळातली चार कुटुंबं मी घरी बोलावली होती. रॉजर्स हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन धावत मैदानात आला तेव्हा मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. स्वयंपाकघरात बटाटेवड्यांचं तेल तापत होतं. जेट्सचा डाव सुरू झाला. रॉजर्सच्या चौथ्याच चेंडूवर बफेलोच्या लेनर्ड फ्लॉइडने त्याला खाली आडवा केला. तो उठला, क्षणभर उभा राहिला आणि परत खाली बसला. डाव्या पायाचा अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागचा स्नायुबंध, तुटला होता. वड्यांचा पहिला घाणा निघायच्या आत माझा एएफसी पूर्व विभाग आटोपला.

"हेच का ते?" शेजारच्या काकांनी विचारलं. "छान. आता जेवून घेऊ या."

पाहुणे गेल्यावर मी एकटा बसून राहिलो, आणि जेट्स जादा वेळेत २२-१६ जिंकले! बायकोला उठवून मी हे सांगितलं. ती जे म्हणाली त्याचा फुटबॉलशी संबंध नव्हता. पुढच्याच आठवड्यात गणपती बसले. मंडळाच्या आरतीला ज्यांना फुटबॉल चौकोनी की गोल हेही माहीत नाही असे लोक मला प्रसाद देताना विचारत होते, "काय हो, टाच कशी आहे?" जणू माझीच.

मी डगमगलो नाही. दिवाळी सरता सरता बेंगल्सच्या जो बरोचं मनगट गेलं आणि एएफसी उत्तर विभागातली आशा त्याच्याबरोबर गेली, तरी नाही. कारण नोव्हेंबर संपत आला तेव्हा चित्र बघण्यासारखं होतं. ईगल्स ११ पैकी १० सामने जिंकलेले. जॅग्वार्स ११ पैकी आठ. लायन्स आणि फोर्टीनायनर्सही तसेच. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी मी जी व्याख्यानं दिली त्यांना खरं तर तिकीट लावायला हवं होतं. पेरोल सांभाळणाऱ्या बाई कप भरून घेता घेता ऐकायच्या आणि "हो का?" म्हणायच्या. त्या एकही सामना बघत नाहीत. त्यांनी आपल्या यादीत काय लिहिलंय हे विचारण्याचं मला कधी सुचलं नाही.

डिसेंबर उजाडला. १४ तारखेला चार्जर्स लास व्हेगासच्या रेडर्सकडून ६३-२१ असे हरले. हा आकडा छापताना चूक झाली असावी असं वाटून मी तो तीन ठिकाणी तपासला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रशिक्षकाला घरी पाठवलं. ईगल्स तर असे हरायला लागले की जणू त्यांना कोणीतरी माझी यादी दाखवली होती: शेवटच्या सहा सामन्यांत पाच पराभव.

७ जानेवारी २०२४ हा शेवटचा रविवार. घरात संक्रांतीच्या तिळाच्या वड्या थापणं चाललं होतं. दुपारी जॅग्वार्स टेनेसीत २८-२० हरले आणि त्यांच्या जागी ह्यूस्टन टेक्सन्स विजेते झाले: गेल्या वर्षी १७ पैकी तीन सामने जिंकलेला संघ, नवा प्रशिक्षक, नवखा क्वार्टरबॅक. माझ्या रकान्यांत त्यांची बेरीज वजाबाकीत निघाली होती. त्याच वेळी 'संपलेला' टॅम्पा कॅरोलायनाला ९-० हरवत होता. सेंट्सनेही आपला सामना ४८-१७ जिंकला. दोघांच्या पदरी नऊ विजय, आठ पराभव. पण बरोबरी सोडवण्याच्या नियमांत टॅम्पा वर. संध्याकाळी ईगल्स ईस्ट रदरफर्डला जायंट्सकडून २७-१० हरले. म्हणजे माझ्याच जिल्ह्यात येऊन. डॅलसने डिव्हिजन नेली. रात्री बफेलोने मायामीला २१-१४ हरवून माझ्या पहिल्या ओळीवरही माती लोटली. वड्या कडक झाल्या होत्या, म्हणून चावताना बोलता येत नव्हतं. तेवढंच बरं.

आठांतली दोन बरोबर आली: लायन्स आणि फोर्टीनायनर्स. एक साहेबासाठी लिहिलेलं, दुसरं मावसभावाचा फोन लवकर आटोपावा म्हणून. माझी मुलगी शाळेत संभाव्यता शिकत होती. तिने कागदावर हिशेब मांडला. चार संघांच्या चार चिठ्ठ्या टाकून डोळे मिटून एक उचलायची, असं आठदा केलं तर सरासरीने दोन नावं बरोबर येतात. "बाबा, तुम्ही अगदी सरासरीवर आहात," ती कौतुकाने म्हणाली. आठही बरोबर यायची शक्यता ६५,५३६ मध्ये एक, हेही तिने सांगितलं. मी म्हणालो, भाकितं बरोबरच होती, हंगाम चुकला. चांगली चार चेंडूंत टाच तुटते, त्याला भाकीत काय करणार?

हेल्मेट पेरोलच्या बाईंना मिळालं. त्यांची चार नावं बरोबर होती: बिल्स, चीफ्स, टॅम्पा, फोर्टीनायनर्स. काय अभ्यास केलात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, महिनाअखेर होती, पगार काढायचे होते, म्हणून गेल्या वर्षीचे आठ विजेते उतरवून काढले. मी घरी येऊन ताडून पाहिलं. गेल्या वर्षीच्या यादीत अभ्यासाच्या बळावर मी ज्या तीन ठिकाणी बदल केला होता, ती तिन्ही चुकली होती.

माणसाने शिकावं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी एक्सेल उघडलंच नाही. गेल्या वर्षीचे आठ विजेते निमूटपणे एका कागदावर उतरवले आणि द्यायला निघालो, तर पेरोलच्या बाई समोरून माझ्याच टेबलाकडे आलेल्या. हातात वही. "या वेळी जरा समजून घ्यावं म्हणते," त्या म्हणाल्या. "तुमच्याइतकं यातलं इथे कोणाला कळत नाही." या ऑफिसात असं वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली. दुपारभर त्यांना सगळं समजावलं: ड्राफ्ट, पगाराची मर्यादा, सामन्यांचं वेळापत्रक. टाचेचा नवा रकानाही दाखवला. त्यात रॉजर्सपुढे 'बरी' होतं, आणि अटलांटा फाल्कन्सने घेतलेल्या कर्क कझिन्सची टाचही गेल्या वर्षी तुटून आता 'बरी' होती. बोलता बोलता मला स्वतःलाच इतकं पटत गेलं की खिशातला कागद काढून मी बिल्सच्या जागी जेट्स आणि टॅम्पाच्या जागी फाल्कन्स लिहिलं. एकदा हात सैल झाल्यावर आणखीही काही सुधारणा केल्या.

जेट्स त्या वर्षी १७ पैकी पाच सामने जिंकले. फाल्कन्सचे आठ झाले आणि डिव्हिजन पुन्हा टॅम्पाने नेली. न सुधारलेली यादी तशीच दिली असती तर आठांपैकी सहा नावं बरोबर आली असती. हे मला माहीत आहे, कारण ती यादी तशीच दिली गेली होती; पेरोलच्या बाईंनी. हेल्मेट त्यांच्याच टेबलावर राहिलं. त्यातलं एक चॉकलेट मला देत त्या मनापासून म्हणाल्या, "तुमचे फार उपकार झाले. उतरवून काढावं की नाही याची मला शंका होती. तुमचं सगळं ऐकलं आणि खात्रीच पटली."