सासऱ्यांसह वेताळ टेकडी : जावयांसाठी मार्गदर्शिका

सदर मार्गदर्शिका पुण्यात सासुरवाडी असलेल्या, रविवारी आठपर्यंत झोपू इच्छिणाऱ्या आणि तरीही पहाटे साडेपाचला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी उभ्या केल्या गेलेल्या समस्त जावयांसाठी आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर पुस्तकं पुष्कळ आहेत. पण कोथरूड, पाषाण, गोखलेनगर आणि लॉ कॉलेज रस्ता यांच्या मधोमध ठाण मांडून बसलेला हा डोंगर सासऱ्यांच्या मागून कसा चढावा, याबद्दल अधिकृत मार्गदर्शन आजवर झालेलं नाही.

नियम १. उंचीला कमी लेखू नये. टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. त्यातले साडेपाचशेहून अधिक मीटर पुणे शहराने आधीच चढून ठेवलेले आहेत आणि पुणेकर त्याचंही श्रेय घेतात. उरलेले मात्र स्वतःच्या पायांनी, चहाच्या आधी चढायचे असतात.

नियम २. पोशाख. सासऱ्यांच्या अंगावर इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, साधी सुती पँट, कॅनव्हासचे बूट आणि मार्च संपेपर्यंत कानटोपी असते. हातातली काठी कुत्र्यांसाठी आहे, आधारासाठी नव्हे, हे ते न विचारताच सांगतात. आपण ट्रेकिंगची सॅक, पाण्याची नळी वगैरे घेऊन गेलो तर "एव्हरेस्ट का?" असा प्रश्न येतो. सॅक घरी ठेवावी. मात्र पावसाळा सरल्यावर विणलेले जाड मोजे उघडे टाकून कुसळी गवतातून चालू नये, हे मनापासून सांगतो. कुसळाचं टोक अणकुचीदार, त्यावर उलटे केस आणि मागे पिळाची शेपटी. दंव लागलं की पीळ सुटतो आणि टोक मातीत शिरतं. माती नसेल तर मोज्यात. ते मागे ओढून निघत नाही. टोकाच्याच दिशेने पुढे ओढून काढावं. शाळेत हे कुणी शिकवलं नाही, बाबांनी (म्हणजे सासऱ्यांनी) शिकवलं.

नियम ३. बाबांच्या पुढे जाऊ नये. हा नियम एवढाच.

नियम ४. थांबण्याचं शास्त्र. ही या मार्गदर्शिकेची मुख्य बाब. पहिला उभा चढ लागला की बाबा एकदम थांबतात, काठी आडवी धरतात आणि म्हणतात, "थांबा. ऐकलंत?" आपण काहीही ऐकलेलं नसतं. "सुभग," ते सांगतात. सुभग नावाचा पिवळा पक्षी असतो, तो झाडीतून छान शीळ घालतो, सगळं खरं. पण तो नेमका त्याच वळणावर, बाबांचा श्वास वर लागला असतानाच बोलतो, यात त्याचा काही हात नाही. पुढचा थांबा गणेरीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेल्या या झाडावर मोठी पिवळीधमक फुलं येतात, ही माहिती बाबा जुलैतही देतात. मग सालई. तिची कागदासारखी सुटणारी साल दाखवून डिंकाच्या वासावर बोलायचं. सर्वात लांबचा थांबा काळ्या खडकाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर कसा साचत गेला, हे सांगायला वेळ लागतो, आणि चढही तिथेच सर्वात उभा आहे.

सूत्र असं की, ज्ञान चढाच्या प्रमाणात वाढतं. सपाटीवर बाबा निसर्गाबद्दल अवाक्षर काढत नाहीत; तिथे विषय महापालिका.

अशा वेळी जावयाने घड्याळ पाहू नये, "दमलात का?" हे तर जन्मात विचारू नये. उपप्रश्न विचारावा. "बाबा, यातला नर कसा ओळखायचा?" या एका प्रश्नाने दोन्ही पक्षांना आणखी अर्धं मिनिट मिळतं. दोन्ही पक्षांना म्हटलं, कारण माझीही अवस्था काही निराळी नसते. मला जेवढे पक्षी ओळखता येतात, ते सगळे धापा टाकत शिकलो.

अपवाद नवरंगाचा. पावसाच्या तोंडावर एका सकाळी माथ्याजवळच्या सपाट वाटेवर बाबा थांबले. पाचोळ्यात हिरवा, निळा, पोटाखाली लाल असा एक ठेंगू पक्षी उड्या मारत होता. बाबा काहीच बोलले नाहीत. चढ नसताना थांबले, म्हणजे पक्षी खरा.

नियम ५. गिरिपुष्पाबद्दल मत देऊ नये. फेब्रुवारीच्या सुमारास टेकडीचे काही उतार फिकट गुलाबी होतात आणि तरुण मंडळी 'पुण्याचा चेरी ब्लॉसम' म्हणून फोटो काढतात. हे झाड मध्य अमेरिकेतलं, झपाट्याने वाढतं म्हणून भाराभर लावलेलं. त्याच्या बियांनी आणि सालीने उंदीर मरतात, म्हणून उंदीरमारी हेही त्याचंच नाव. बाबांना त्या फोटोवाल्यांना थांबवून हे सगळं सांगायचं असतं, आणि ते सांगतात. 'छान दिसतंय' हे शब्द आपण मनातही आणू नयेत. दिसतं मात्र छान.

टेकडीवरून न्यायच्या रस्त्याचा आणि बोगद्यांचा विषय काढल्यास नाश्ता दहाला मिळेल, हे धरून चालावं. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवण्यासाठी मोर्चा निघाला, त्यात बाबा होते. मोर्चाचा रस्ता सपाट असल्यामुळे पूर्ण वेळ घोषणा देत होते.

नियम ६. दगड उलथवू नये, खाली फुरसं असू शकतं. वाळल्या गवतात काडी ओढू नये. वेताळाच्या देवळापाशी भेटणाऱ्या प्रत्येक आजोबांना नमस्कार करावा; त्यातले निम्मे तरी आपल्या लग्नात जेवून गेलेले असतात.

नियम ७. उतरणं. उतरताना सुभग बोलत नाही, खडकाचा इतिहासही संपलेला असतो. आता गुडघ्यांचा काळ सुरू होतो. उतारावरचा सुटा मुरूम बुटाखाली गोट्यांसारखा सरकतो. पाऊल आडवं टाकावं, गुडघा किंचित वाकवावा, वजन मागे टाकू नये. मागे रेलणारा माणूसच आधी बसतो. बाबांना हे सगळं माहीत आहे, पण त्यांच्या उजव्या गुडघ्याला अलीकडे पटत नाही. हात पुढे केला तर ते काठीकडे बोट दाखवतात. कुत्री जवळपास नसतानाही.

म्हणून घसरट टप्पा आला की जावयाने आधी स्वतः अडखळावं आणि म्हणावं, "बाबा, जरा हात देता का? माझा बूट सरकतोय." मग ते लगेच हात देतात, घट्ट धरतात आणि सपाटी लागेपर्यंत सोडत नाहीत. वर सगळ्या वाटेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "डोंबिवलीच्या माणसाला चढउतार म्हणजे फक्त रेल्वेचा पूल ठाऊक." यावर उपप्रश्न विचारू नये.