डांबराच्या नावानं खडे

पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले की महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस रस्तेबांधणीतला तज्ज्ञ होतो आणि सगळ्या तज्ज्ञांचं निदान एकच असतं: डांबर खाल्लं! रिक्षावाला तेच म्हणतो, विरोधी नगरसेवक तेच म्हणतो. सत्तेतला नगरसेवक आभाळाकडे बोट दाखवतो. खडीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. खडी फोडणं म्हणजे आपल्याकडे एक तर सक्तमजुरी, नाहीतर बाहत्तरचा दुष्काळ. तिला मान कोण देणार?

आता हिशेब बघा. रस्त्याच्या वरच्या थराचं शंभर किलो मिश्रण घेतलं तर त्यात डांबर असतं पाच-सहा किलो. बाकी सगळा दगड. वीस एमएमची खडी, तिच्या फटीत दहाची, तिच्या फटीत सहाची, मग कच, शेवटी भुकटी. ट्रकचं ओझं पेलतात ते हे एकमेकांत अडकलेले दगड; डांबर फक्त त्यांना सुटू देत नाही. मापं चुकली की सांगाडा पोकळ. सगळेच वजनदार आणि एकाच आकाराचे गोळा केले की मधल्या फटी भरायला कुणी उरत नाही, हे मंत्रिमंडळ बनवणाऱ्यांना बरोबर कळतं. रस्त्याच्या वेळी का कळत नाही, देव जाणे.

बरं, आपला दगड वाईट आहे म्हणावं तर तीही सोय नाही. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट कठीण, पाणी कमी पिणारा. ग्रॅनाइटसारख्या सिलिका जास्त असलेल्या दगडावरून पाणी डांबराला लवकर सोडवतं. बेसाल्ट त्या मानानं डांबराला घट्ट धरून राहतो. लाव्हारसाचे हे थर निसर्गानं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अंथरून ठेवले. मटेरियल मुदतीच्या इतकं आधी साइटवर येऊन पडल्याचं दुसरं उदाहरण सार्वजनिक बांधकामाच्या इतिहासात नाही.

मग आपण काय करतो? आधी ती खडी चपटी करतो. नुसत्या जॉ क्रशरमधून घाईघाईनं काढली की पापडासारखे तुकडे बरेच निघतात. ते रोलरखाली मोडतात, मोडलेल्या बाजूला डांबराचा थेंब नसतो आणि पाण्याला आयतं दार मिळतं. म्हणून तर चपट्या-लांबट दगडांवर कागदोपत्री टक्क्यांची मर्यादा आहे. व्हीएसआय यंत्रात दगडावर दगड आपटून चौकोनी, टोकदार खडी मिळते. पण त्याला वीज लागते, पैसे लागतात. पैसे तर बाकीच्या कामाला हवे असतात.

मग धूळ. धुळीनं माखलेल्या खडीला डांबर चिकटत नाही, धुळीला चिकटतं. पहिल्या सरीत धूळ सुटते, सोबत डांबर जातं आणि खडी रस्ताभर मोकाट सुटते. दुचाकीवाल्यांना ती वळणावर भेटतेच. आणि ओलावा. खडी प्लांटच्या ड्रममध्ये दीडशे अंशांच्या आसपास तापवून कोरडी करायची असते. भिजलेली खडी वाळवायला इंधन जास्त जळतं, म्हणून ती अर्धवट तापली तरी ‘चालतंय की’. ऐन जुलैत, पाणी साचलेल्या खड्ड्यात, फावड्यानं मिश्रण टाकून वर बूट आपटणारा माणूस तुम्ही पाहिलाच असेल. त्याला ‘दुरुस्ती’ म्हणतात आणि त्याचं बिलही निघतं.

प्रयोगशाळेत मात्र सगळं उत्तम. तिथे डांबर लावलेली खडी चाळीस अंशांच्या पाण्यात चोवीस तास ठेवतात आणि किती डांबर टिकलं ते डोळ्यांनी बघतात. पंचाण्णव टक्के टिकलं तर पास. नमुना तपासणीला जाणारी खडी धुतलेली, निवडलेली, मुलगी बघायला आल्यासारखी नटलेली. डंपरमधून येते ती तिची चुलत बहीण.

रस्ता होतच नाही असं नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात रेकाँडो नावाच्या कंपनीनं दहा वर्षांच्या हमीवर केला. हमी संपली, कित्येक पावसाळे गेले, तरी खड्डा पडेना. कंपनीला शहरात पुन्हा काम मिळालं नाही, असं पुणेकर सांगतात. मिळेल कसं? टिकाऊ रस्ता हा रोजगारावर घाला आहे.

आता सगळ्या दुखण्यांवर काँक्रीट हा उतारा निघालाय. काँक्रीटमध्येही निम्म्याहून जास्त जागा खडी-वाळूचीच, आणि खडी त्याच क्रशरवरची. रस्ता उखडला की लोक म्हणतील, सिमेंट खाल्लं!